आधी हात, मग शब्द : आर्ट थेरपीचे माझे बारा आठवडे

काउन्सेलरसमोर पहिल्यांदा बसले तेव्हा पाऊण तासात मी जेमतेम सहा-सात वाक्यं बोलले असेन, आणि त्यातही तीन वेळा "ठीक आहे" एवढंच. त्या बाई खूप चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या, गप्प राहिले तरी चालेल म्हणाल्या, पण मला खरंच काही सांगता येत नव्हतं. लपवायचं होतं असं नाही. घशाशी काहीतरी यायचं आणि तिथेच बसायचं. दुसऱ्या वेळेला तेच, तिसऱ्या वेळेला तेच.

आई जाऊन सात महिने झाले होते. त्याआधी तीन वर्षं ती अंथरुणावर होती, स्ट्रोकमुळे उजवी बाजू गेलेली, बोलणंही जवळजवळ गेलेलं. मी घरून काम करायचे आणि तिचं सगळं बघायचे. ती गेल्यावर सगळे म्हणाले आता जरा आराम कर, स्वतःकडे बघ, आणि मला आराम करताच येईना. रात्री दोनला आणि चारला डोळे टक्क उघडायचे, घड्याळ न बघताही वेळ कळायची. दिवसा कुठल्याच गोष्टीत मन लागायचं नाही, रडूही यायचं नाही. शेवटी डॉक्टरकडे गेले, त्यांनी नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, २७ पैकी गुण असतात आणि जितके जास्त तितकं डिप्रेशन जास्त. माझे १७ आले. गोळ्या सुरू झाल्या, सोबत काउन्सेलिंग. हे आधीच सांगून टाकते कारण पुढे मी पानं, माती, रंग याबद्दल खूप लिहिणार आहे आणि ते वाचून कुणी गोळ्या बंद करून झाडाखाली जाऊन बसू नये. माझ्या गोळ्या पूर्ण वेळ चालू होत्या. झोप थोडी तरी लागायला लागली ती त्यांच्यामुळेच, आणि तेवढी झोप नसती तर मी त्या बागेपर्यंत गेलेच नसते.

चौथ्या वेळेला काउन्सेलरच म्हणाल्या, तुम्हाला बोलायला जड जातंय तर आधी हाताला काहीतरी काम देऊन बघू या का. त्यांच्या ओळखीच्या एक आर्ट थेरपिस्ट आठ जणांचा ग्रुप घेत होत्या, बारा आठवडे, आठवड्यातून एकदा दीड तास, आणि जमेल तितकं बाहेर, एका जुन्या बागेत. मी लगेच नाही म्हणाले. मला चित्र येत नाही हे मला शाळेपासून पक्कं माहीत होतं, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे मला आधी एक वाईट अनुभव आला होता. मध्ये एका मैत्रिणीच्या आग्रहाने मी दोन दिवसांच्या एका शिबिराला गेले होते, रंगांतून मन मोकळं करा वगैरे, तिथे मी कागदावर बराचसा काळा रंग लावला, आणि घेणाऱ्या व्यक्तीने सगळ्यांसमोर सांगितलं की तुमच्यात खूप राग साठलाय, आईवर राग आहे का? मला आठवतंय, मी तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. काळा रंग घेतला कारण तो माझ्या हाताशी होता, बाकीच्या ट्यूब लोकांनी उचलल्या होत्या. यावर मी आजही ठाम आहे की दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ त्याच्या तोंडावर असा फेकणं हे चुकीचं आहे, त्याने माणूस बंद होतो, आणि माझे त्यात चार-पाच महिने गेले.

हे मी थेरपिस्टताईंना (आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणायचो) पहिल्या भेटीत सांगितलं. ग्रुपच्या आधी त्या प्रत्येकाला एकट्याने भेटायच्या, काय त्रास आहे, गोळ्या कुठल्या, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे सगळं नीट विचारायच्या. त्या म्हणाल्या, "चित्र तुमचं आहे, त्यात काय आहे ते तुम्ही सांगायचं. मी फक्त विचारेन, काय दिसतंय." आणि हेही म्हणाल्या की हे ड्रॉइंगचं शिक्षण नाही, कुणी नीट काढलंय का ते बघणार नाही. त्यांनी या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलेलं होतं, आणि तो फरक मला पुढे पावलोपावली कळला. ब्रिटनमध्ये तर आर्ट थेरपिस्ट हे नाव कायद्यानेच राखीव आहे, नोंदणी असल्याशिवाय कुणी ते लावू शकत नाही, आणि मला वाटतं सगळीकडे तसं असावं. माझ्यासारख्या अवस्थेतल्या माणसाला समोरचा किती शिकलाय ते विचारायचंही सुचत नाही.

पहिल्या दिवशी बागेत गेल्यावर सांगितलं की दहा मिनिटं फिरा आणि खाली पडलेली एक वस्तू उचलून आणा, तोडायचं काही नाही. मी बदामाचं एक लाल झालेलं पान आणलं. मग प्रत्येकाला पॅड आणि पेन्सिल, आणि काम असं की कागदाकडे अजिबात बघायचं नाही, नजर पानाच्या कडेवरून सावकाश फिरवायची, मुंगी चालावी तशी, आणि पेन्सिल त्याच वेगाने. मी देठापासून सुरुवात केली. देठ मी समजत होते तसा सरळ नव्हताच, पानाला मिळतो तिथे थोडा जाड होऊन वळलेला होता. मग कडा. एका ठिकाणी किड्याने खाल्लेलं भोक, त्याच्याभोवती गडद तपकिरी कड, जखम भरून आल्यासारखी. मधली शीर पिवळट राहिली होती, बाकी पान लाल, आणि शिरेतून फुटणाऱ्या बारक्या शिरा कडेपर्यंत जातच नव्हत्या, आधीच वळून पुढच्या शिरेकडे जात होत्या. ताईंनी थांबा म्हटलं तेव्हा पंधरा मिनिटं झाली होती. कागदावर पानासारखं काहीच नव्हतं, रेषा कुठून कुठे गेल्या होत्या. पण त्या पंधरा मिनिटांत माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नव्हतं. सात महिन्यांत पहिल्यांदा. मी हे ग्रुपमध्ये बोलले नाही, घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं आणि मी दोन स्टॉप पुढे गेले.

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं. स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने याची मांडणी केली आहे, की कामात आपण लक्ष ताणून धरतो आणि ते थकतं, आणि पानं, ढग, पाणी अशा गोष्टी लक्ष ओढून न घेता हलकेच धरून ठेवतात, त्या वेळात ते थकलेलं लक्ष परत भरून येतं. तीन वर्षं माझा एक कान सतत आतल्या खोलीकडे होता, त्यामुळे मला हे वाचताक्षणी पटलं. आणि चित्र येत नाही याचं उत्तर २०१६ सालच्या एका छोट्या अभ्यासात मिळालं, ३९ जणांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद असं हवं ते करायला दिलं, आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन मोजलं, आणि साधारण ७५ टक्के लोकांचं ते कमी झालं, आणि त्यात ज्यांना कलेचा अनुभव होता आणि ज्यांना नव्हता यांच्यात विशेष फरक पडला नाही. छोटा अभ्यास आहे, त्यावर फार इमारत बांधू नये, पण मला तेवढ्याने धीर आला.

आर्ट थेरपी हा शब्दही कुणा डॉक्टरने काढलेला नाही हे मला ताईंकडून कळलं. एड्रियन हिल नावाचे ब्रिटिश चित्रकार क्षयरोगामुळे सॅनिटोरियममध्ये पडून होते, वेळ जाता जात नव्हता तेव्हा पडल्या पडल्या चित्रं काढायला लागले, मग आजूबाजूच्या पेशंटनाही काढायला लावलं, आणि १९४२ मध्ये त्यांनी हा शब्द वापरला. अंथरुणावर पडलेला माणूस. मला लगेच आई आठवली, तिचा डावा हात चांगला होता, मी तिला कधी पेन्सिल दिली नाही. सुचलंच नाही तेव्हा.

तिसऱ्या आठवड्यात सायनोटाइप केलं. लोहाच्या दोन क्षारांचं द्रावण कागदाला अंधारात लावून वाळवतात, तो कागद पिवळट हिरवा दिसतो, त्यावर पानं-फुलं ठेवून वरून काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं. ऊन लागलेला भाग रंग बदलत जातो, मग पाण्यात धुतलं की सगळा कागद गर्द निळा होतो आणि जिथे पान होतं तिथे पांढरं. १८४२ मध्ये जॉन हर्शेलने शोधलेली पद्धत आहे, आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्सने समुद्री शेवाळांचे असे ठसे घ्यायला सुरुवात केली. आम्ही सगळे ट्रेभोवती उभे होतो आणि पाण्यात निळा चढत होता, इतकं सुंदर काही मी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. आमच्यातले एक रिटायर्ड काका आपला कागद धरून म्हणाले, "जे उचललं तेच दिसतंय." सहज म्हणाले ते. मला एकदम श्वास कमी पडायला लागला, हात गार, मी बाकावर जाऊन बसले. ताई शेजारी येऊन बसल्या, बोलल्या काही नाही, फक्त पायाखालचं गवत बघायला सांगितलं, कुठलं पातं हलतंय, कुठलं नाही.

चौथा आठवडा सगळ्यात वाईट गेला. मी गेले पण हात लावला नाही कशाला, घरी येऊन दुपारी चारपासून झोपले, दोन दिवस ऑफिसला सुट्टी टाकली. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून लिहितेय, की अशा गोष्टींत मध्येच जास्त बिघडल्यासारखं होऊ शकतं, दाबलेलं वर येतं ना. मी काउन्सेलरला फोन केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी वेळ दिली. मागे असं कुणीतरी असायला हवं. नुसतं एकट्याने घरी व्हिडिओ बघून मनाच्या खोल जागी हात घालू नये असं मला कळकळीने वाटतं. रोज झाड काढा, फूल काढा, रंगवा, ते छान आहे, त्याला कुणाची परवानगी नको. पण जे आतून ढवळून निघणार आहे ते धरायला दुसरा माणूस लागतो.

मग सहाव्या आठवड्यात माती.

कुंभारकामाची ओली माती, प्रत्येकाला दोन मुठी. काही बनवू नका, नुसती मळा, डोळे मिटले तरी चालेल, एवढंच सांगितलं. झाडाखाली बसलो होतो, माती गार होती. मी मळायला लागले आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझे हात मळत नाहीयेत. डावा तळहात खाली सरकवलेला, उजवा वरून आडवा, आणि मी तो गोळा हळूच माझ्याकडे वळवतेय. मग परत पलीकडे. मग बोटांनी कडेकडेने हलकेच दाबतेय, मध्ये नाही, मध्ये दाबायचं नसतं. मी आईची कूस बदलत होते.

दर दोन तासांनी कूस बदलावी लागते अंथरुणावरच्या माणसाची, नाहीतर बेडसोअर होतात, माकडहाडाच्या वर आणि टाचांना आधी. लाल झालेल्या जागी चोळायचं नाही, भोवतीने बघायचं, पाठीशी उशी लावायची, गुडघ्यांमध्ये एक. रात्री बारा, दोन, चार, सहा. तीन वर्षं. ती गेली तरी माझं शरीर दोनला आणि चारला उठतच होतं, आणि मी इतके महिने डॉक्टरला सांगत होते की झोपमोड का होते कळत नाही. खरंच कळलं नव्हतं हो. हातांना माहीत होतं.

त्या दिवशी त्या मातीची एक पाठ झाली. वळलेली, मणके दिसणारी, एक खांदा वर आलेला. वीतभर असेल. ताईंनी विचारलं, काय दिसतंय. मी म्हणाले, "पाठ." बस, एवढंच बोलले, पण त्या घशात अडकलेल्या जागेतून बाहेर आलेला तो पहिला शब्द होता, आणि मग मी रडले, बराच वेळ, आणि कुणीही मला गप्प केलं नाही. शेजारची मुलगी माझी माती सुकू नये म्हणून ओलं फडकं धरून बसली होती.

आमच्या प्रत्येकाची एक फाइल असायची, सगळं काम ताईंकडे कुलपात राहायचं, शेवटी काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मातीच्या वस्तूंचं त्यांनी विचारलं की भाजायची, ठेवायची, की बागेत सोडायची. मी म्हणाले बागेत. का ते तेव्हा माहीत नव्हतं. एका झाडाच्या मुळाशी ठेवली.

मधल्या काळात मी एक गोष्ट वाचली आणि ती मला फार लागली. रॉजर उल्रिक यांचा १९८४ चा अभ्यास आहे, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटचे रेकॉर्ड बघितले, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत, आणि झाडं दिसणारे थोडे आधी घरी गेले, त्यांना कडक पेनकिलर कमी लागल्या. आमच्या घरी आईचा पलंग ज्या खोलीत होता तिथून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. बाथरूम जवळ म्हणून ती खोली. पुढच्या खोलीतून झाड दिसतं. मी हे ग्रुपमध्ये बोलून दाखवलं, की मी तिला तीन वर्षं भिंत दाखवली. समजूत काढायला कुणी "तुझी चूक नाही" असं म्हणालं नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं, ताई एवढंच म्हणाल्या की ती खिडकी काढता येईल का. काढली. चारकोलने, सगळा कागद भिंत आणि कोपऱ्यात पलंगाचा कठडा. मग मला दिसलं की मी कठड्याच्या अलीकडे एक स्टूल काढलंय. तिथे मी बसायचे. म्हणजे तिला भिंतीआधी मी दिसत होते. हे मी चित्र काढल्याशिवाय मला कधीही सुचलं नसतं, आणि कुणी तोंडाने सांगितलं असतं तर मी मानलंही नसतं.

आठव्या आठवड्यात आदल्या रात्री पाऊस झाला होता. मी त्या झाडाशी गेले. पूर्ण वाळलेली कच्ची माती पाण्यात फार लवकर विरते, ओलसर असेल तर तेवढी नाही, आणि माझी पाठ दोन आठवडे उन्हात कडकडीत वाळलेली होती. खांदा गेला होता. मणके गेले होते. एक मऊ उंचवटा राहिला होता आणि त्याच्या बाजूने माती पसरून मुळांमध्ये उतरली होती, वर एक बारकी गोगलगाय. मी उकिडवी बसून बघत होते, मला वाटलं होतं वाईट वाटेल, आणि वाटलं ते असं की पाठीवरून काहीतरी उतरलं. ते जे वाटलं ना, तेच मला आई गेली त्या पहाटे वाटलं होतं. अगदी हेच. ताई मागे उभ्या होत्या. मी मागे न बघताच म्हणाले, "ती गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं."

हे ते वाक्य. सात-आठ महिने घशाशी बसलेलं. आईवर राग नव्हता हो, प्रेम होतं, आणि सुटल्यासारखंही वाटलं होतं, आणि मी त्या क्षणापासून स्वतःला माफ केलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "कोण सुटलं, तुम्ही की त्या?" मी म्हणाले दोघी.

पुढचे चार आठवडे तसे शांत गेले. पानांचे ठसे, दगडांची नक्षी, एकदा सगळ्यांनी मिळून वाळक्या पानांचं मोठं वर्तुळ केलं आणि वाऱ्याने ते अर्ध्या तासात विस्कटलं. घरी मी रोज वीस मिनिटं गॅलरीतून दिसणारी तीच एक फांदी वहीत काढायला लागले, चांगली नाही, फक्त आज काय बदललं तेवढी, कळी आली, पान गळलं, कोळ्याने दोरा लावला. आठवड्यातून तीनदा त्या बागेत किंवा कुठेही हिरवं असेल तिथे चालणं. इंग्लंडमध्ये जवळजवळ २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये असं दिसलं की आठवड्यात एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि मन जास्त बरं असतं, आणि ती एकदम घालवली की तुकड्यांत याने फरक पडत नाही. आता जे बरे आहेत तेच जास्त बाहेर पडत असतील असंही असू शकतं, पण मला तुकड्यांत चालतं हे वाचून सोपं वाटलं, कारण तेव्हा सलग दोन तास माझ्याच्याने झालेच नसते.

बारा आठवड्यांनी परत तो नऊ प्रश्नांचा फॉर्म भरला, ८ आले. त्यात गोळ्यांचा भाग किती, मातीचा किती, काउन्सेलिंगचा किती हे मला वेगळं काढता येणार नाही, आणि डॉक्टरांनी गोळ्या अजून काही महिने चालू ठेवायला सांगितल्यात. दोनला जाग येते कधी कधी. उठून पाणी पिते, उशी पाठीशी ओढून घेते आणि परत झोपते. बहुतेक वेळा झोप लागते.

मागच्या रविवारी दादाला फोन केला. तो दुसऱ्या देशात असतो, त्या तीन वर्षांत दोनदा आला होता, आणि आमचं आईविषयी बोलणं असं कधी झालंच नव्हतं, दोघंही टाळायचो. मी त्याला ते वाक्य सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मला वाटलं फोन कट झाला. मग त्याने विचारलं, "तू रात्री किती वाजता उठायचीस गं?"

मी म्हटलं बारा, दोन, चार, सहा. तो म्हणाला, "मला माहीतच नव्हतं. सांग ना." मग मी सांगत बसले, हात कुठून घालायचा, खांदा आधी की कंबर, उशी किती जाड, तिला डावी कूस आवडायची म्हणून त्या कुशीवर मी पाच मिनिटं जास्त ठेवायचे, टाचेखाली काय लावायचे. फोन ठेवला तेव्हा बघितलं, पाऊण तास झाला होता.